लहान आवाजाचा लांब पल्ला

दूरच्या माणसाला हाक मारायची तर मोठ्याने मारली पाहिजे, हे आपण कोणत्याही शाळेत न जाता शिकतो. ओढ्यापलीकडच्या रानात राबणाऱ्या माणसाला भाकरीसाठी बोलवायचे असले, की घरची बाई बांधावर उभी राहते, तोंडाभोवती दोन्ही हात धरते आणि पोटातून आवाज काढते. या साध्या क्रियेत तीन गोष्टी आहेत : गळ्यातले बळ, हातांनी आवाजाला दिलेली दिशा, आणि पलीकडच्या माणसाने हातातले काम थांबवून दिलेला कान. बिनतारी विद्येच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मोठमोठ्या राष्ट्रांनी यांतल्या पहिल्या गोष्टीवरच सारी भिस्त ठेवली. उरलेल्या दोहोंचे मोल जगाला पटवून देण्यात मोठा वाटा होता तो हौशी लोकांचा. आणि त्या ज्ञानाचे एक मोठे फळ आपल्या भीमेच्या काठी, नगर जिल्ह्याच्या वेशीवर, दौंडला येऊन रुजले. त्याचीच ही हकीकत.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाने तार उंच चढवून, अटलांटिकपलीकडे कॉर्नवॉलमधील पोल्डू येथून सुटलेले तीन टिंबांचे अक्षर कानाने टिपल्याचे जाहीर केले. पृथ्वी गोल आहे आणि लहरी सरळ जातात, तर त्या महासागराची कमान ओलांडून गेल्या कशा, हा प्रश्न तेव्हा कोणालाच नीट सुटला नव्हता. पुढल्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघा विद्वानांनी, वातावरणाच्या वरच्या भागात विजेने भारलेला एखादा थर असावा आणि लहरी त्यावर आपटून खाली परतत असाव्यात, असा तर्क केला. पण तर्क तो तर्कच. व्यवहारी माणसांनी अनुभवावरून ठरवून टाकले की लहर जितकी लांब आणि यंत्र जितके बलवान, तितका पल्ला मोठा. मग काय विचारता! लहरी शेकडो मीटरांवरून हजारो मीटरांवर गेल्या. इंग्लंडातील रग्बी येथे १९२६ साली सुरू झालेले केंद्र हा या विचाराचा कळस. १८,७५० मीटर लांबीची लहर, सुमारे ३५० किलोवॅट शक्ती, आणि तारा टांगायला ८२० फूट उंचीचे बारा मनोरे. तीन कुतुबमिनार एकावर एक रचले तरी त्या मनोऱ्याच्या माथ्याला पोचणार नाहीत. साम्राज्यातील सगळे देश अशाच बलाढ्य केंद्रांच्या साखळीने जोडावेत, हा बेत लंडनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून घोळत होता.

या थाटामाटात लहान लहरींना कोणी विचारीत नव्हते. अमेरिकेत १९१२ साली बिनतारी कायदा झाला, तेव्हा घरोघरी यंत्रे जुळवून एकमेकांशी गप्पा मारणाऱ्या हौशी मंडळींचा उपद्रव नको म्हणून त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी देण्यात आल्या. गावच्या पाटलाने सुपीक काळी रान आपल्याकडे ठेवावी आणि उरलेला खडकाळ माळ भूमिहीनांना वाटून टाकावा, त्यातलाच हा प्रकार. त्या माळाखाली गोड्या पाण्याचा झरा आहे, याची ना देणाऱ्याला कल्पना होती, ना घेणाऱ्याला.

झरा लागायला नऊ वर्षे गेली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशी संघटनेने पॉल गॉडली नावाच्या आपल्या एका जाणत्या गड्याला आगबोटीने स्कॉटलंडला पाठवले. अर्ड्रोसन गावाजवळच्या समुद्रकाठच्या शेतात, पावसापाण्यात तंबू ठोकून, जमिनीलगत लांबच लांब तार पसरून तो रात्र रात्र कान देऊन बसला. कनेटिकट राज्यातील ग्रीनिच येथून आलेली हौशी केंद्राची हाक त्याला स्पष्ट ऐकू आली. ती लहर होती २३० मीटरांची, आणि शक्ती एक किलोवॅटच्या आसपास. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की येथे मोठी तयारी झाली ती ऐकण्याची.

पुढे लहरी आणखी आखूड करून पाहिल्या, तो नवल वाढतच गेले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरांच्या आसपासच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार दोन्ही बाजूंनी संभाषण केले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर कमालच झाली. न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथील फ्रँक बेल हा मेंढपाळ कुटुंबातला तरुण लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी बोलला. दोघांमध्ये पृथ्वीचा जवळजवळ अर्धा घेर होता, सुमारे १९,००० किलोमीटर. याहून लांब जायला पृथ्वीवर जागाच उरत नाही! सरकारी केंद्रांना ज्यासाठी शेकडो किलोवॅट लागत, ते काम एका शाळकरी पोराच्या टेबलावरच्या यंत्राने केले.

हे घडले कसे? त्याच १९२४ सालच्या डिसेंबरात इंग्लंडात ॲपलटनने प्रयोगाने सिद्ध केले की केनेली-हेविसाइड यांचा थर खरोखरच आहे. पुढे १९४७ साली त्याला या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्याच्या किरणांनी वरच्या विरळ हवेतले अणू फुटून हा विजेचा थर बनतो. आपण त्याला आयनांबर म्हणतो. त्याचे मजले आहेत. सर्वांत खालचा मजला दिवसा लांब लहरींचे बळ शोषून घेतो. आखूड लहरी त्यातून फारशी झीज न होता वर जातात, अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या मजल्यावर वळतात आणि खाली येतात. अशी एक झेप चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून लहर पुन्हा वर उडी घेते. पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो ना, तसे. दगड किती जोराने फेकला यापेक्षा तो कोणत्या कोनाने फेकला, यावर टप्पे अवलंबून असतात, हे नदीकाठच्या कोणत्याही मुलाला ठाऊक आहे.

यातून एक गंमत निर्माण होते. आज नगरमधल्या एखाद्या हौशी केंद्राने भर दुपारी २० मीटरच्या लहरीवर हाक दिली, तर ती सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला बहुधा ऐकू जात नाही, पण युरोपातला कोणीतरी तिला उत्तर देतो. हाक पुण्याच्या डोक्यावरून निघून गेलेली असते. तिथे शक्ती दुप्पट केली काय नि दसपट केली काय, पुणेकराला त्याचा उपयोग नाही. तसेच, लहर त्या वेळच्या थराला पेलवणार नाही इतकी आखूड झाली, तर ती परत न फिरता थेट अंतराळात निघून जाते. मग मागे किलोवॅटचे डोंगर उभे केले तरी ते व्यर्थ. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते. डाग वाढले की थर दाट होतो आणि आखूड लहरींचे दरवाजे उघडतात. दिवसाची लहर वेगळी, रात्रीची वेगळी. थोडक्यात, वाट उघडी आहे की बंद, हे आधी पाहायचे. गाडीला बैल किती, हा विचार नंतरचा.

मार्कोनी मोठा धूर्त. हौशींचे हे पराक्रम चालू असताना तोही स्वस्थ नव्हता. १९२३ साली त्याने आपला सहायक फ्रँकलिन याला पोल्डूस बसवले, आणि स्वतः ‘एलेट्रा’ या नौकेतून अटलांटिकमधील केप व्हर्द बेटांपर्यंत ऐकत गेला. लहर होती ९७ मीटर आणि शक्ती १२ किलोवॅट. ती उतरवीत उतरवीत एका किलोवॅटवर आणली, तरी रात्रीच्या वेळी चार हजार किलोमीटरवर तो संकेत बलाढ्य दीर्घलहरी केंद्रांपेक्षा ठळक ऐकू येई. पंचवीस वर्षांचा हिशेब त्या नौकेत उलटा झाला.

फ्रँकलिनने यात आणखी एक भर घातली : तोंडाभोवती धरलेल्या हातांची. आखूड लहरींना आवर घालायला आटोपशीर जाळी पुरते. उंच मनोऱ्यांवर तारांचा एक पडदा टांगायचा आणि त्याच्या मागे दुसरा पडदा परावर्तक म्हणून लावायचा, की सगळी शक्ती दहा दिशांना विखरून न जाता एका पट्ट्यात, हव्या त्या गावाकडे जाते. याच सुमारास, १९२६ साली, आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेचे पाणी तेच. पण पूर्वी ते पावसाळ्यात वाहून जाई, आता पाटाने राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला मिळू लागले. पाण्याला पाट, तसा लहरीला हा तारांचा पडदा. त्याला इंग्रजीत ‘बीम’ म्हणत.

जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने मार्कोनी कंपनीशी बीम केंद्रांचा करार केला. हिंदुस्थानच्या बाजूचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभे राहिले. इंग्लंडच्या बाजूने ग्रिम्सबीजवळून बोलायचे आणि स्केगनेसजवळ ऐकायचे. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंडच्या राजाशी शुभेच्छांची देवघेव करून या मार्गाचे उद्घाटन केले. मुंबईचे पहिले व्यवस्थित नभोवाणी केंद्रही त्यांनी उघडले ते त्याच दिवशी.

बोलायचे खडकीला आणि ऐकायचे सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर दौंडला, असे का? कारण सोपे आहे. शेजारी ढोल वाजत असताना दूरची बासरी ऐकू येत नाही. सात हजारांवर किलोमीटर चालून आलेला संकेत कणभर उरलेला असतो. त्याला शांतता लागते. भीमेकाठचा तो मोकळा, उघडा, कोरडा मुलूख, अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे श्रीगोंद्याची नगरी शिवारे, आणि मनमाडकडे जाणारी लोहमार्गाची फाटा फुटणारी जागा. प्रवाशांना दौंड आठवते ते गाडी बदलण्याचे ठाणे म्हणून. पण एके काळी विलायतेहून बिनतारी मार्गाने हिंदुस्थानात येणारा शब्द प्रथम याच गावाच्या कानी पडत असे.

बीमची शक्ती होती वीसेक किलोवॅट, म्हणजे रग्बीच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्याइतकी. तरीही संदेश जलद जाऊ लागले आणि दर इतके उतरले, की समुद्रतळाच्या तारांचा जुना धंदा धोक्यात आला. १९२८ साली लंडनला परिषद भरवून तार आणि बिनतारी या दोहोंची मोट बांधावी लागली. आपल्याकडेही १९३२ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, १९४७ च्या आरंभी हा कारभार सरकारकडे येऊन ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ जन्मास आली.

आता शक्तीचा हिशेब एकदा नीट मांडू. हौशी मंडळी आलेल्या संकेताचा जोर पायऱ्यांनी मोजतात. एक पायरी चढायला शक्ती चौपट करावी लागते. ५ वॅटचा माणूस एक पायरी चढायला २० वॅट लावतो, दुसरीला ८०, तिसरीला ३२०. म्हणजे चौसष्टपट खर्च करून पदरात पडल्या तीन पायऱ्या! शक्ती नुसती दुप्पट केली, तर ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. उलट, तीन दांड्यांचा साधा दिशादर्शी एरियल उंच चढवला, तर हव्या दिशेला चार-पाचपट शक्तीचे काम फुकटात होते, आणि तोच एरियल ऐकतानाही तितकाच उपयोगी पडतो. शक्ती वाढवली तर आपले तोंड मोठे होते. एरियल सुधारला तर तोंड आणि कान दोन्ही. ज्याची शक्ती अफाट आणि ऐकण्याची बाजू कच्ची, अशा केंद्राला हौशी जगात ‘मगर’ म्हणून हिणवतात : जबडा मोठा आणि कानांचा पत्ता नाही. अर्थात शक्तीला काहीच किंमत नाही असे नव्हे. वाट उघडी आहे, पण संकेत गोंगाटाच्या काठावर बुडतो-तरतो आहे, अशा वेळी त्या एक-दोन पायऱ्याच शब्द लागतो की हरवतो, हे ठरवतात. पण ती शेवटची मदत, पहिली नव्हे.

बोलण्याचे बळ कोणाकडे आणि ऐकण्याची ओढ कोणाला, हा प्रश्न १९४२ साली आपल्या देशाला निराळ्याच रीतीने पडला. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. नेहरू, पटेल, आझाद, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आदी बाराजणांना नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुण्याहून नगरला आगगाडीने यायचे तर दौंडवाचून वाट नव्हती. साम्राज्याचा कान जिथे उभा होता, त्याच गावावरून देशाची वाणी बंदिवासात गेली. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ साली याच किल्ल्यात लिहिला गेला. पण त्या तटाबाहेर त्यांचा शब्द जाण्याची सोय नव्हती.

त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ‘हिंदुस्थानातील कोठून तरी’ बोलणाऱ्या या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. जाणकारांच्या लक्षात येईल, की ही हौशींच्या ४० मीटर पट्ट्यातली जागा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी मंडळींची प्रक्षेपण यंत्रे जमा करून घेतली होती, त्यामुळे तो पट्टा देशात सुना पडला होता. यंत्र जुळवणारे नरिमन प्रिंटर हे याच हौशी परंपरेतले. डॉ. राममनोहर लोहियांची भाषणे या केंद्रावरून झाली. दाबलेल्या बातम्या घरोघरी पोचू लागल्या.

सरकारजवळ शक्तीचा तोटा नव्हता. काँग्रेस रेडिओच्या लहरीवर गोंगाट सोडून ती बुडवण्याचे प्रयत्न झाले. उषाबेन आणि त्यांचे सोबती ऑल इंडिया रेडिओला चेष्टेने ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. पण गुप्त केंद्राला शक्ती ही दुधारी तलवार. आवाज जितका ठळक, तितकी दिशाशोधक यंत्र लावून फिरणाऱ्या पोलिसांच्या गाडीला माग काढणे सोपे. म्हणून यंत्र सतत हलवावे लागे : चौपाटीवरून वाळकेश्वर, तेथून लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, शेवटी महालक्ष्मी. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तिथेच छापा पडला, तो आतूनच बातमी फुटल्यामुळे. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. जेमतेम तीन महिने चाललेला तो आवाज. पण दार लावून, आवाज बारीक करून, रेडिओला कान भिडवून बसलेल्या माणसांनी त्याला लांब नेले. ऐकणेही तेव्हा जोखमीचे होते.

पुढे काळ बदलला. नगर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, आर्वी येथे, १९७१ साली देशाचे उपग्रह केंद्र सुरू झाले. छत्तीस हजार किलोमीटरवरून बोलणाऱ्या उपग्रहाच्या प्रक्षेपकाची शक्ती त्या काळी काही वॅट एवढीच. म्हणून ऐकणारी थाळी सुमारे तीस मीटर व्यासाची. तिथून जवळच खोडदच्या परिसरात आज तीस प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून, आकाशगंगांतून आलेल्या लहरी टिपत असतात. भीमेकाठी मांडलेल्या गणिताचाच हा विस्तार : आवाज वाढवणे हाती नसेल, तर कान वाढवावा.

आणि हौशी मंडळी? ती आहेतच. त्यांच्या टेबलावरचे नेहमीचे यंत्र शंभर वॅटचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका ठळक दिव्याइतके. कोणी मुद्दाम पाचच वॅट वापरून समुद्र ओलांडण्याचा नाद करतात. त्यांची मोठी अडचण आता शक्तीची नाही. घराघरांतले स्वस्त दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या कुरकुरीची आहे, म्हणजे पुन्हा ऐकण्याचीच. पण हा केवळ छंद नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी केंद्र मांडायला अंदमानात गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि पोर्ट ब्लेअरच्या त्या छोट्या केंद्रावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळू लागली. मोठ्या यंत्रणा मुक्या झाल्या असताना ते बोलू शकले. कारण लहर बरोबर निवडली होती, वाट उघडी होती, आणि हजारो किलोमीटरवर कोणीतरी मुद्दाम कान देऊन बसले होते.

दौंडजवळून रेल्वेने जाताना भीमेचा पूल लागतो. नगरकडे जाणाऱ्या वाचकाने तिथे क्षणभर बाहेर पाहावे. साम्राज्यांनी दूरचे बोलणे हे बळाचे काम मानले होते. ते समंजसपणाचे काम निघाले. फटाक्यांच्या या दिवसांत कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचे कौतुक फार होते, पण तो आवाज गल्लीच्या पलीकडे जात नाही. दूरदेशी असलेल्या आपल्या माणसांना शुभेच्छा धाडताना एवढे ध्यानी ठेवले म्हणजे झाले : हाक लहान असली तरी चालते, ती नेमकी असावी, आणि तिला मिळालेले उत्तर ऐकायला आपणही थोडे गप्प बसावे.